समोर बसून बोला

"संग्रामऽ!" मी हाक मारली.

फलाटावरची निम्मी माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली. एका म्हातारीच्या कुत्र्यानंसुद्धा मान वळवली. ज्याला हाक मारली तो मात्र माझ्याकडं पाठ करून, खांद्याला पिशवी अडकवून, पुढच्या डब्यांतून उतरणारी माणसं न्याहाळत उभा होता.

माझी हाक पोचली नाही असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. सांगलीच्या पोलीस मुख्यालयात नव्या पोरांना कवायत शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. मैदानाच्या या टोकाला मी 'सावधान' म्हटलं की त्या टोकाला टाचा जुळायच्या. आणि इथं पोटचा पोरगा वीस पावलांवर उभा राहून ऐकायला तयार नव्हता.

मी बॅग ओढत त्याच्याजवळ गेलो आणि खांद्यावर हात ठेवला. तो दचकलाच. मग त्यानं मला बघितलं, वाकून पाया पडला आणि उठता उठता अशी मिठी मारली की माझी टोपी खाली पडली.

"अण्णा! प्रवास नीट झाला ना?"

एवढ्या मोठ्यानं, की म्हातारीचं कुत्रं पुन्हा बघायला लागलं.

"हळू बोल की. लोक बघतायत," मी म्हणालो.

"चला! इथून जवळच आहे!" तो त्याच आवाजात म्हणाला आणि बॅग उचलून चालायला लागला.

'येना' हे त्या गावाचं नाव. जर्मनीच्या पूर्वेकडचं, टेकड्यांच्या कुशीत बसलेलं गाव. संग्राम तिथं भिंगांचं आणि प्रकाशाचं शास्त्र शिकत होता. पहिलं वर्षभर सगळं छान चाललं. रविवार आला की फोन, आईशी तासभर गप्पा, मग माझ्याशी दोन वाक्यं. आमच्या घरात बोलण्याचं खातं शालनकडं, म्हणजे माझ्या बायकोकडं होतं. मी मागं खुर्चीवर बसून ऐकायचो.

थंडीत त्याला ताप आला. 'फ्लू आहे, परीक्षाही आहे, थोडे दिवस फोन नको' असा मेसेज आला. मग फोन बंदच झाले. कधी माइक बिघडला, कधी नेट गेलं. शालननं फारच धोशा लावला तेव्हा एकदा त्यानं आवाजी मेसेज पाठवला. तो लावला आणि शालननं फोन कानापासून लांब धरला. 'आई, मी ठीक आहे! फोन करू नका!' असं तो अक्षरशः ओरडत होता. ना लाड, ना हसू. शालन दोन दिवस नीट जेवली नाही. "माझ्यावर असा कधी खेकसला नव्हता हो," एवढंच म्हणायची. त्यानंतर आलं ते सगळं लिहून.

मग तिच्या मनानं वेगळंच घेतलं. हे लिहिणारा संग्रामच कशावरून? पोराला कुणी डांबून ठेवलं असेल आणि दुसराच कुणी लिहीत असेल तर? तिनं त्याला विचारलं, माझ्या माहेरच्या म्हशीचं नाव काय होतं? लगेच उत्तर आलं, 'चांदी. आणि ती मला शिंग मारायची.' शालन हसली, आणि हसता हसता रडायला लागली. म्हणजे लिहिणारा संग्रामच होता. म्हणजे त्यालाच आमच्याशी बोलायचं नव्हतं.

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तिला प्रवास शक्य नव्हता. म्हणून मी निघालो. निघताना ती म्हणाली, "काय झालंय ते विचारत बसू नका. त्याला घेऊनच या."

विमानतळावर संग्रामचा मित्र आला होता, धोटे नावाचा, अकोल्याचा. त्यानं अर्ध्या वाटेपर्यंत सोबत केली आणि पुढच्या गाडीत बसवून दिलं. पोरगा बोलका होता, पण संग्रामचा विषय काढला की खिडकीबाहेर बघायचा. गाडी सुटताना मात्र दारातून म्हणाला, "काका, एक सांगू? त्याच्याशी समोर बसून बोला बरं. मागून काही बोलू नका."

मला वाटलं, आजकालची पोरं थोरांना वागायला शिकवतात.

संग्रामची खोली विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावर होती. एक पलंग, एक टेबल, कोपऱ्यात ओटा आणि खिडकीतून दिसणारी टेकडी. जून महिना होता. जेवायची वेळ झाली तरी बाहेर ऊन होतं. त्यानं भात आणि आमटी केली होती, मी शालननं दिलेली शेंगदाण्याची चटणी काढली. तो बोटानं चाटून बघत म्हणाला, "आईच्या हातची!" तेही ओरडूनच.

मी बारीक नजरेनं त्याला बघत होतो. वाळला होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. पण दारूचा वास नव्हता, खोलीत दुसऱ्या कुणाच्या वस्तू नव्हत्या, पुस्तकं उघडी पडलेली होती. नोकरीत असल्या गोष्टी बघायची सवय लागते. काही सापडलं नाही म्हणून बरं वाटायला हवं होतं, पण जास्तच घोर लागला. कारण तो माझ्या डोळ्यांत बघतच नव्हता. मी बोलायला लागलो की त्याची नजर माझ्या नाकाखाली येऊन थांबायची. मिशांवर.

आता त्या मिशांबद्दल सांगायला हवं. दोन्हीकडं गालांपर्यंत गेलेल्या, वरचा ओठ पुरता झाकणाऱ्या. भरती झालो तेव्हापासूनच्या. मुख्यालयात माझं नाव निवृत्ती डुबल आहे हे फार थोड्यांना ठाऊक होतं, मिशीवाले हवालदार म्हटलं की सगळ्यांना कळायचं. गाडीतसुद्धा एक लहान मुलगी माझ्याकडं बघून आईच्या कानात काहीतरी पुटपुटली होती.

वाढलेला भात संपेपर्यंत मी दम धरला. मग विचारलं, "संग्राम, माझ्या मिशांची लाज वाटते का रे तुला? इथल्या लोकांत?"

तो मिशांकडंच बघत होता. क्षणभर थांबला, हसला आणि मान हलवली. "हो, हो!"

मी ताट उचललं आणि ओट्यावर नेऊन ठेवलं. त्या रात्री त्यानं मला पलंग दिला आणि स्वतः खाली झोपला.

सकाळी उठलो तेव्हा तो ओट्यापाशी पाठमोरा उभा राहून चहा करत होता. मी चहाबरोबर खायला भडंगाचा डबा काढला. शालननं दिलेला, मोठा, स्टीलचा. डबा हातात घेऊन मी त्याच्या पाठीकडं बघत उभा राहिलो. तोंडावर जे बोलता येत नव्हतं ते पाठीला बोलता येईल असं वाटलं.

"हे बघ," मी म्हणालो, "माझी लाज वाटत असेल तर वाटू दे. मी आज निघून जातो. पण तुझ्या आईशी बोल. ती रोज संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन बसते. तिच्यावर कसला राग आहे ते तिला सांग, म्हणजे ती सुटेल."

तो चहा ढवळत राहिला.

"संग्राम, मी काय म्हणतोय?"

चमचा हलत राहिला. मी एक पाऊल पुढं टाकलं आणि हातातला डबा निसटला. फरशीवर आपटून असा काही खणाणला की मीच मागं सरकलो. झाकण गडगडत पलंगाखाली गेलं, खोलीभर भडंग झालं.

संग्रामनं मागं वळून बघितलं नाही. त्याचा खांदासुद्धा हलला नाही. त्यानं शांतपणे गॅस बारीक केला.

मी टाळी वाजवली. मग अजून एक. मग मी छाती भरून, सगळी ताकद लावून, मैदानावर ओरडायचो तसा ओरडलो, "साऽवधान!"

खिडकीची काच हलली. चहा ढवळणारा हात हलला नाही.

बाहेर पळत येणारी पावलं ऐकू आली आणि दाराची घंटा वाजली. घंटा वाजताच ओट्यावरचा एक दिवा लुकलुकला. संग्रामनं तो दिवा बघितला आणि दाराकडं जायला वळला. तेव्हा त्याला सगळं एकदम दिसलं. फरशीभर भडंग, उपडा डबा आणि तोंडावर हात धरून उभा असलेला मी.

दारात शेजारच्या खोलीतली पोलंडची मुलगी होती, काशा. माझ्या आरोळीनं घाबरून आली होती. ती काहीतरी विचारत होती, संग्राम तिच्या ओठांकडं बघत होता आणि नीट उत्तरं देत होता. ती गेली. त्यानं दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला.

"अण्णा, मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "दोन्ही कानांनी. थंडीत आलेला ताप साधा नव्हता."

मी काहीतरी बोललो. काय ते मला आठवत नाही.

"नाही कळत," तो म्हणाला. "काशाचं कळतं. धोट्याचं कळतं. ओठ बघून मला आता पुष्कळ कळतं, मराठी तर जास्तच. फक्त तुमचं कळत नाही. ओठच दिसत नाही तुमचा. कालपासून मी अंदाजानं हो हो म्हणतोय."

मी खाली बसलो. भडंगावरच बसलो. मग चष्मा लावला, फोन काढला आणि एका बोटानं लिहिलं, 'काल तू हो म्हणालास तो प्रश्न काय होता ठाऊक आहे?'

"नाही. काय होता?"

मी लिहून दाखवलं.

त्यानं वाचलं. आधी त्याचे डोळे मोठे झाले. मग तो हसायला लागला. हसता हसता तो माझ्याशेजारी खाली बसला, माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मग ते हसणं राहिलं नाही. हुंदके केवढे मोठे निघतायत हे त्याचं त्याला कळत नव्हतं. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिलो. दुसरं काही सांगायची सोयच नव्हती.

तो शांत झाल्यावर मी उठलो, टेबलावरची कात्री घेतली आणि न्हाणीघरात जाऊन दार लावलं.

वेळ लागला. आधी कात्रीनं, मग त्याच्या वस्तऱ्यानं. हाताला सवय नव्हती, दोन ठिकाणी कापलं. तोंड धुऊन आरशात बघितलं तर समोर कुणीतरी अनोळखी, म्हातारा, भिडस्त माणूस उभा होता. त्याचा वरचा ओठ पांढराफटक होता, वर्षानुवर्षं ऊन न लागलेला.

मी बाहेर आलो. संग्राम भडंग गोळा करत होता. त्यानं वर बघितलं आणि हातातला डबा खाली ठेवला.

तो उठला. मग जवळ आला आणि माझ्या ओठावर बोट ठेवलं. "ही खूण कसली? मी कधी बघितलीच नाही."

"विटी लागली," मी म्हणालो. "लहानपणी."

त्याच्या कपाळावर आठ्या आल्या. "भीती वाटली? लहानपणी?"

मी हातानं दांडूचा टोला मारून दाखवला. "विटी. विटी!"

"विटी! विटीदांडूतली विटी!" तो ओरडला. "कळलं! अण्णा, कळलं मला!"

"भीतीही वाटली होती," मी म्हणालो.

तेही त्याला कळलं.

आम्ही समोरासमोर बसलो, तो पलंगावर, मी खुर्चीवर. चहा गार झाला होता, तोच प्यालो. शालननं सांगितलं होतं ते मी पहिल्यांदा बोलून टाकलं, "घरी चल."

ते दोन शब्द तर त्याला ओठ हलायच्या आधीच कळले. चेहरा उतरला.

"म्हणूनच सांगितलं नाही," तो म्हणाला. "मेंदूच्या आवरणाला सूज आली होती. दवाखान्यात होतो तेव्हा धोट्या रोज यायचा. शुद्धीवर आलो तेव्हा सगळं गप्प झालेलं. कळलं असतं तर आई तसल्या गुडघ्यानं उठून आली असती. आणि तुम्ही आल्याबरोबर हेच म्हणाला असतात."

"पोरगं बहिरं होऊन एकटं पडलं, तर बाप दुसरं काय म्हणणार?"

"ऐका ना. ऑपरेशन आहे एक. कानामागं कातडीखाली यंत्र बसवतात, बाहेरून एक छोटा भाग लावतात. ऐकू येईल असं डॉक्टर म्हणतात. आधीसारखं नाही, पण येईल. उशीर केला तर कानात आतून हाड धरतं, मग कठीण होतं. पुढच्या महिन्यातली तारीख मिळालीय. ते करून, ऐकू आलं की फोन करणार होतो. थेट फोनच करणार होतो आईला."

"एकटाच करून घेणार होतास?"

"हो."

"आणि आता?"

त्याच्या नजरेत पहिल्यांदाच मला लहानपणचा संग्राम दिसला. "आता तुम्ही आलाच आहात," तो म्हणाला.

मी त्याच्याकडं बघितलं, खिडकीतल्या टेकडीकडं बघितलं. मग पुन्हा त्याच्याकडं तोंड वळवून, त्याला नीट दिसेल असं सावकाश म्हणालो, "मग घर कुठं पळून जातंय? आधी हे उरकू."

शालनला सांगायचं काम राहिलं होतं. मी फोन लावला, चेहरा दिसणारा. ती पडद्यावर आली आणि तिनं जी किंकाळी फोडली ती संग्रामला ऐकू आली नाही हे एका परीनं बरंच झालं.

"अहो, मिशा! काय झालं? संग्राम कुठाय? माझा संग्राम कुठाय?"

आमच्याकडं घरात कुणी गेलं की पुरुष मिशा उतरवतात. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी घाईघाईनं संग्रामची मान धरून त्याला पडद्यासमोर ओढलं. "हा बघ! हा बघ, हा इथं आहे. जिवंत आहे, धडधाकट आहे!"

"आई, सावकाश बोल," संग्राम म्हणाला, "आणि तोंडावरचा पदर काढ. मला ओठ दिसू देत."

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, ताप, दवाखाना, कान, ऑपरेशन. शालनला इतका वेळ न बोलता ऐकताना मी कधी बघितलं नव्हतं. माझं सांगून संपलं. मला वाटलं, आता बांध फुटणार.

"म्हणजे," ती म्हणाली, "तो रागावला नव्हता?"

"नाही."

"तो ओरडला ते..."

"त्याला त्याचाच आवाज ऐकू येत नव्हता गं."

तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि पडद्याच्या अगदी जवळ आली. इतकी, की नुसते ओठ आणि नथ दिसत होती. मग एकेक शब्द तोडून ती संग्रामला विचारायला लागली. काय खातोस, कोण बघतं, दवाखान्यात उशाशी कोण होतं, त्या धोट्याची आई कुठली, तिचा नंबर दे. संग्राम उत्तरं देत होता. चुकला की ती पुन्हा सांगायची, हातवारे करून सांगायची. मी खुर्चीवर मागं रेललो. कित्येक महिन्यांनी मला वाटलं की आता झोप लागेल. आणि भर सकाळी, त्या दोघांच्या आवाजात, मला खरंच झोप लागली.

ऑपरेशन नीट झालं. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर काशा माझ्याशेजारी बसली होती. आम्हा दोघांना एकमेकांचं अक्षरही कळत नव्हतं, तरी तिनं आणलेलं सफरचंद आम्ही अर्धं अर्धं खाल्लं. जखम भरल्यावर, काही आठवड्यांनी, यंत्र सुरू करायला बोलावलं. तोपर्यंत मी तिथंच राहिलो. भात चांगला करायला शिकलो. संग्रामशी समोर बसून इतकं बोललो, की शालन म्हणाली, माझ्या वाटणीचं काही ठेवा.

यंत्र सुरू करणाऱ्या बाईंनी तारा जोडल्या, संगणकावर काहीतरी वरखाली केलं आणि मला खूण केली, बोला.

"संग्राम," मी म्हणालो. ओरडलो नाही.

त्यानं डोळे मिटून घेतले होते. ते उघडले. "अण्णा," तो म्हणाला, "पत्र्यावर खडे टाकल्यासारखं वाजतंय. तुमच्यात आणि दाराच्या कडीत काही फरकच नाही."

"पण वाजतंय?"

"वाजतंय."

बाईंनी समजावलं की हे असंच असतं, कानाला आणि डोक्याला पुन्हा शिकावं लागतं, महिने लागतील. तसे लागलेही. आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. संग्राम तिकडंच नोकरी करतो, रविवारी आईशी तासभर बोलतो आणि मग फोन मला द्यायला सांगतो. पण मला आठवतो तो दिवस दवाखान्यातला नाही, त्यानंतर काही दिवसांनीचा, मी सांगलीला परतायच्या आधीचा.

आम्ही नदीकाठच्या वाटेनं चालत घरी निघालो होतो. वाट अरुंद, झाडांची. संग्राम पुढं, मी दोन पावलं मागं. ते सगळे आठवडे मी रस्त्यानं तसाच चालत आलो होतो, मागं काय येतंय त्यावर कान ठेवून. त्याची बाही धरायची, अलगद बाजूला ओढायचं, एवढं ते काम. ते अंगवळणी पडलं होतं.

मागून सायकलची घंटी वाजली. बारीक, एकदाच. माझा हात पुढं गेला.

हात त्याच्या बाहीपर्यंत पोचायच्या आधीच संग्राम डाव्या बाजूला सरकला. मागं न बघता, बोलणं न थांबवता. सायकलवाली बाई हात हलवून पुढं निघून गेली. त्यानं काय केलं ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. तो मला त्या पुलाबद्दल काहीतरी सांगत होता, किती जुना आहे वगैरे.

मी हात खिशात घातला आणि त्याच्या मागून चालत राहिलो.